दाराची भूमिका

मिरजेच्या शाळेत आठवीपर्यंत
मी निम्मं वर्ष गैरहजर असायचे,
तिसऱ्या बाकावर बसून.
बाई पुकारायच्या, "शाहीन",
आणि 'हजर'मधला ह
घशाच्या उंबऱ्यावर ठेचाळायचा.
बाईंचं पेन पुढे सरकायचं.
माझ्यामागे अजून एकतीस नावं होती,
त्यांना तरी कुठून वेळ.

घरी अब्बा तंबोऱ्याची जवारी लावायचे.
कानस, मग कान, मग पुन्हा कानस.
भोपळ्यांच्या आणि लाखेच्या वासात
अख्खी दुपार एका तारेपाशी बसलेला माणूस
मला म्हणायचा, "पटकन बोल की गं."

मगदूम सर खरं तर भूगोलाचे.
नाटकं बसवायचा नाद होता, अनुदान नव्हतं.
शाळा सुटल्यावर प्रयोगशाळेत तालीम,
कोपऱ्यातला सांगाडा एकटाच प्रेक्षक.
मला म्हणाले, "तू दार हो.
पोस्टमन आला की उघडायचं, गेला की मिटायचं."
पोरं हसली. मीही हसले, सुटल्यासारखी:
दाराला वाक्य नसतं.

पण दार होणं सोपं नाही.
दोन्ही पाय जमिनीत, खांदे मोकळे,
नजर शेवटच्या रांगेमागच्या भिंतीवर.
"बिजागरीत वारा भर," सर म्हणायचे,
म्हणजे पोटातून श्वास घे.
मग एकेकाने मोठ्यांदा नद्या म्हणायच्या:
कृष्णा, वारणा, येरळा, अग्रणी, माण.
येरळेपाशी दम घ्यायचा, ती तशीही कोरडीच.
मी अग्रणीवर अडकले.
"अडकलीस म्हणू नकोस," सर म्हणाले,
"थांबलीस म्हण.
थांबणाऱ्याकडे लोक वळून बघतात."

सांगलीला स्पर्धा. आमचा नंबर नववा,
जेवणानंतरची पेंगुळलेली वेळ,
परीक्षकांच्या टेबलावर भडंगाची पुडी.
सुदर्शन कोळेकर, आमचा पोस्टमन,
मधल्या सुट्टीत कुणाला बोलू न देणारा,
माझ्यासमोर आला आणि कोरा झाला.
टोपीखालून घाम.
विंगेत सर नुसते ओठ हलवत होते,
ते मला दिसत होते, त्याला नाही.
अंधारात कुणीतरी खोकलं.

तेव्हा दार म्हणालं,
"क... कुणाचं पत्र?"

सगळं नाट्यगृह हसलं. सुदर्शनही हसला,
आणि हसता हसता त्याला वाक्यं सापडत गेली.
माझा क अडखळला, ते कुणाला कळलंच नाही.
जुनं दार, करकरणारच.

बक्षीस नाही मिळालं.
शेऱ्यात लिहिलं होतं,
'दार बोलते, हे तर्कात बसत नाही.'
सरांनी तो कागद नकाशांच्या कपाटावर चिकटवला,
आणि ते निवृत्त होईपर्यंत
कुणाची काढायची हिंमत झाली नाही.

काल रात्री अब्बांना दवाखान्यात आणलं.
उजवा हात, कानशीचा, उचलेना.
डॉक्टरांनी तीन वाक्यांत सांगितलं,
निम्मं इंग्रजीत, निम्मं चालता चालता.
मी दारात उभी होते.
पाय जमिनीत. खांदे मोकळे.
"थांबा," म्हटलं. "पुन्हा सांगा, सावकाश.
हा हात परत कामाला येईल का?
नसेल येणार, तर तेही त्यांनाच सांगा."
डॉक्टरांनी घड्याळ बघितलं, मग स्टूल ओढलं,
आणि अब्बांच्या तोंडाकडे बघून बोलले.

ह अजून छळतो मला.
त्याचं औषध सरांकडेही नव्हतं.

पहाटे नर्स रजिस्टर घेऊन आली.
"सात नंबरसोबत कोण आहे?"
मी येरळेपाशी थांबतात तशी थांबले.
तिचं पेन पुढे सरकलं नाही.
"ह...
हजर."

अब्बांनी डोळे न उघडता मान हलवली,
तार लागली की हलवायचे, तशी.