फक्की

मीटिंग मोबाइलवर होती. सरांनी तो
पाण्याच्या टाकीला टेकवून ठेवला
आणि चौकोनाचौकोनांत माणसं उगवली:
प्राचार्य, एक डॉक्टर, संस्थेचे दोन विश्वस्त,
एकाच्या मागं देव्हारा, दुसऱ्याच्या मागं नुसता पंखा.
विषय एकच. कॉलेजांची फायनल घ्यायची का नाही.

डॉक्टर म्हणाले, प्रेक्षक नकोत.
विश्वस्त म्हणाले, गोल झाल्यावर मिठी नको.
कुणीतरी म्हणालं, चेंडू दर दहा मिनिटांनी धुवायचा.
मी मागं फक्कीचा गाडा धरून उभा.
बावीस वर्षं हाच गाडा, चाक तेवढं दोनदा बदललं.
मला कुणी विचारलं नाही, बरंच झालं.
फ्री किकला पोरं भिंत करतात,
खांद्याला खांदा, हात खाली झाकून.
त्या भिंतीत सहा फूट कुठनं आणणार?
नियमानं वागतो तो एकटा गोलकीपर.

आदल्या वर्षी हा गाडा पालिकेनं नेला होता, सोबत मलाही.
गंगापूर रोडच्या भाजीबाजारात गोल आखले,
रेशन दुकानापुढं, मेडिकलपुढं.
माणूस गोलात उभा राहायचा, पिशवी दोन पायांत धरून,
पुढचा हलला की हा हलायचा.
माझा हात सेंटर सर्कलला सरावलेला,
पहिले दोन गोल एवढे मोठे काढले
की मुकादम म्हणाला, निकम, इथं मॅच आहे का?
त्या दिवसांतलं हसणं तेवढंच आठवतं.

तर, मीटिंग. निर्णय पुढं ढकलला.
पोरं पांगलीच होती. यशवंत गावित सुरगाण्याकडं,
रेंज मिळायला टेकडी चढतो,
वरनं विचारतो, काका, आखलं का?
अल्ताफ सातपूरला नाइट शिफ्टला.
शरणपूरचा डॅनिएल तेवढा जवळ.
तो शुक्रवारी आला, गेट बंद, भिंतीवरून.
ग्लोव्हज चढवले, जाळी नसलेल्या गोलात उभा राहिला.
काका, मारा की.

बावीस वर्षांत त्या मैदानात
मी चेंडूला पाय लावला नव्हता.
चपला काढल्या. मारला.
पार बोरीच्या झाडापर्यंत गेला.
मग दुसरा. तिसराही तसलाच.
सातवा बरा गेला. त्यानं आडवं होऊन धरला
आणि तसाच पडून राहिला, गाल गवताला लावून.
काका, यंदा गवत कापलं नाही?
म्हटलं, सकाळीच कापलंय,
ढीग तुझ्या डोक्याशी आहे.
त्यानं मूठभर उचललं, नाकाशी नेलं.
परत नेलं.
मग ग्लोव्ह काढून.

चेंडू आमच्या मधे पडलेला.
माझी बारा पावलं. मोजायची सवय.

सामने रद्द झाल्याचं पत्र एकोणीस तारखेला आलं.
मी तेव्हा पालथा झोपून
बोटाच्या चिमट्यावरचे आकडे वाचत होतो.
चेंडूतनं आलं, हवेतनं आलं,
का गिरणीपुढच्या रांगेतनं, कोण सांगणार.
डॅनिएल अजून माफी मागतो. गप रे, म्हणतो मी.
त्याचं ते तिसरं वर्ष होतं.
तिसरं वर्ष सरलं की पोरगं खेळाडू राहत नाही,
माजी विद्यार्थी होतं.
आता कुरिअर वाटतो, इंदिरानगर ते पाथर्डी फाटा.
पार्सल उंबऱ्यावर ठेवतो, बेल वाजवतो,
अजूनही दोन पावलं मागं सरतो.

खेळता आली असती का, निकम?
सरांनी परवा चहाला पुन्हा तेच काढलं.
नाही, म्हणालो.
आणि बशी हातात तशीच राहिली.

मधल्या काळात मैदान गुडघाभर माजलं.
पण फक्कीनं जिथं माती वर्षानुवर्षं भाजलीय
तिथं गवत विरळच येतं.
अनवाणी चाललं की तळव्याला कळतं:
ही गोललाइन. हा पेनल्टीचा ठिपका.
सातवा मी इथनं मारला होता.