डावा हात

हडर्सफील्डच्या उतारावर, चिप्सच्या दुकानामागे
माझी खोली: एक बाक, एक दिवा, वितळलेल्या कथलाचा वास.
व्हर्ना पिनॉकबाईंनी अ‍ॅम्प्लिफायर आणला
बाळाच्या जुन्या गाडीत घालून, वर रेनकोट पांघरून.
"गुणगुणतो," म्हणाल्या, "आणि मध्येच खाकरतो.
आमच्या ह्यांच्यासारखा.
त्यांना जाऊन चार वर्षं झाली, ह्याला आता लागलं."

झाकण काढलं. आत
चर्चच्या हॉलांमधली, लग्नांमधली धूळ,
एक वाळलेला पतंग, बसचं तिकीट,
आणि फ्यूजच्या जागी
सिगारेटच्या पाकिटातली चांदी, घट्ट गुंडाळलेली.
मी काही बोललो नाही.
माणसाच्या जुगाडाला नावं ठेवू नयेत,
निदान त्याच्या बायकोसमोर.

मिरजेला हेरवाडकर मास्तर दटावायचे:
चालू व्हॉल्व्हसेटला हात घालताना
डावा हात खिशात!
चारशे व्होल्ट एका हातातून शिरले
की दुसऱ्यातून निघायला बघतात,
आणि ती वाट काळजावरून जाते.

गुणगुण सोपी निघाली.
फिल्टरचे दोन कपॅसिटर खारकेसारखे सुकलेले,
बुडाशी तपकिरी चीक.
खाकरणं मात्र लबाड.
मीटर लावला की गप्प, पाठ फिरवली की सुरू.
दोन संध्याकाळी अशाच गेल्या.
तिसऱ्या दिवशी, चिनी जेवणाबरोबर आलेली लाकडी काडी घेऊन
एकेका सांध्यावर टिचक्या मारत गेलो,
वैद्य पोट वाजवून बघतो तसा.
ट्रान्सफॉर्मरच्या पायाशी
कथलाला एक गोल चीर.
दिसायला भिंग लागलं,
स्विच बंद करून जोडायला चार सेकंद.

बाई आल्या. स्विच टाकला.
व्हॉल्व्ह सावकाश तांबूस झाले.
त्यांनी स्पीकरला कान लावला.
"मेला का हो?"
म्हटलं, नाही, चालू आहे.
बरा झाला की हा असाच,
विचारल्याशिवाय बोलत नाही.

तबकडी आणायची त्या विसरल्या होत्या,
माझ्याकडे तर मोबाइलसुद्धा चार्जिंगला.
ऐकायला काहीच नव्हतं.
तरी थांबलो दोघं.
बाहेर एक बस चढ चढून गेली.

मग त्या म्हणाल्या, "किती?"
बिलात नव्या फ्यूजचे पैसे लावले नाहीत.
चांदीची ती गुंडाळी चिमटीत धरून दिली,
तिकिटासकट,
आणि तेव्हा लक्षात आलं,
डावा हात अजून खिशातच आहे.