पंधरा किलो

मोठा आवाज वगैरे काही झाला नाही.
वाळकी काटकी मोडावी, तेवढाच.
बाटल्यांची पेटी पायावर आली, तर मी आधी पेटीत डोकावले:
बाटल्या शाबूत होत्या.
ह्याचं मला अजून हसू येतं.

व्हिला रिआलच्या इस्पितळात त्या पोरसवदा डॉक्टरनं
काळ्या फिल्मवर नखानं दाखवलं:
करंगळीच्या मागे, हे बघा, इथं.
तांदळाच्या दाण्याला तडा जावा, एवढंसं.
एवढ्याशाला सहा आठवडे.
मी बोटांवर मोजले. बोटं सप्टेंबरात जाऊन थांबली.

इथं डोरू नदीच्या उतारावर
सप्टेंबर म्हणजे पाय.
दगडी हौदात गुडघाभर द्राक्षं,
एकमेकांच्या खांद्यावर हात टाकलेली ओळ,
आणि कठड्यावरून आउरेल्यू ओरडतो: डावा! उजवा!
दोन तास. मध्ये बोलायचं नाही.
एकतीस वर्षं मी त्या ओळीत डावीकडून तिसरी.

ऑगस्टभर पाय खुर्चीवर, मी खिडकीत.
गल्लीतल्या पाटीच्या दगडांवरून कोण आलं ते
न बघता सांगायला लागले.
बेल्मिरु टाच घासतो.
पोस्टमन एक पायरी गाळतो, नेहमी तीच.
डोना आडोझिंदा प्रत्येक पायरीला एका संताला हाक मारते
आणि आमच्या दाराशी पोचेतो तिचे संत संपतात.
प्लास्टरच्या आत खाज. विणायची सुई. पुढचं विचारू नका.

प्लास्टर कापलं तेव्हा आत
तळघरात विसरलेला बटाटा निघाला.
पांढरा, सालपटं सुटलेला, कोंब फुटायच्या बेतात.
मी त्याला अहो-जाहो केलं असतं, इतका परका.

रोज काट्यावर उभ्या राहा, त्या म्हणाल्या,
डाव्यावर भार फक्त पंधरा किलो.
मग दर तीन दिवसांनी पाच वाढवा.
घरात कुठला काटा? तो कोठारात, द्राक्षं तोलायचा.
उजवा पाय विटांवर, डावा गार पत्र्यावर.
पंधरा किलो.
भरलेल्या पेटीहूनही कमी.
बाकीची बाई कुठे ठेवायची?
थोडी कुबड्यांवर, थोडी दाराच्या कडीवर,
उरलेली देवावर.
वीस. पंचवीस.
एकदा घाईत अडतीस,
तर पायानं रात्रभर जागून मला हिशेब समजावला.

पहिल्या रात्री आउरेल्यूचा घसा बसलेला.
झुल्मिरा, तू सांग, म्हणाला,
आणि कठड्यावर माझ्यासाठी पोतं अंथरलं.
माझ्या जागी बेल्मिरुची पोर्टोची मैत्रीण,
एकोणीस वर्षांची, पाय अगदी कोरे.
डावा! मी म्हणाले.
घोंगडीखाली माझा डावा हवा दाबत होता.
उजवा!
डावा म्हणताना मी थोडी थांबत होते,
श्वासभर, जास्त नाही,
आणि बारा माणसं त्या श्वासापुरती लंगडत होती.
कुणाच्या लक्षात आलं नाही.
किंवा सगळ्यांच्याच आलं.

तिसऱ्या रात्री अकॉर्डियन, नाच, मग झोपाळू पांगापांग.
मी दिवा तसाच ठेवला.
शिडीला पाच पायऱ्या.
प्रत्येकीवर दोन्ही पाय आणायचे, मग पुढची,
आधी मोडका खाली, मागून शहाणा.
पाचवीनंतर पाय निघेना.
एक बोट बुडवलं. मग सगळी.

रस कोमट होता, आतून कुजबुजणारा,
पाण्याहून जाड.
त्यानं मला काखेत हात घालावा तसं उचललं.
मी चालले. चार पावलं, भिंत, वळून चार.
किती किलो, ठाऊक नाही.
तिथं काटा नव्हता.

वर आले तर दोन्ही पाय
गुडघ्यापर्यंत जांभळे, जुळे.
नवा कुठला आणि जुना कुठला,
ते कोठाराच्या उंबऱ्यावर कळलं.