माझे सांगणेप्रमाणे

सांगलीत, हरिपूर रोडला, हळदीच्या जुन्या गोदामामागे
निळ्या फाटकाचं वसतिगृह. मंजूर संख्या चाळीस, महिला, प्रौढ.
आम्ही येणार हे त्यांना मंगळवारीच कळलं होतं.
चादरींवर अजून दुकानातल्या घड्यांच्या रेघा,
फिनेल इतकं की डोळे चुरचुरले,
आणि त्याच्याखालून तरीही तो वास.
तो कुठल्या रकान्यात लिहायचा
हे प्रशिक्षणात सांगत नाहीत.

चौगुले अधीक्षक हसत रजिस्टर घेऊन आले.
नाश्ता, दुपारचं, रात्रीचं. वर्षभराच्या सह्या
एकाच बैठकीतल्या,
शाई शेवटी शेवटी फिकी होत गेलेली.
पद्मावती आप्पासो मगदूम, वय अडतीस. वजन
जानेवारीत बेचाळीस, मेमध्ये बेचाळीस, नोव्हेंबरात बेचाळीस.
काटा मागवला. तो कपाटावर, खोक्यातच होता.
एकोणतीस.
"खात न्हाईत ओ ही," चौगुले म्हणाले, "लहर असती एकेकाची."

तिला विचारलं, कुणाचा त्रास आहे का?
नाय.
कुणी मारतं का?
नाय.
म्हणजे मारत नाही कुणी?
नाय.
जेवलीस?
जेवले. मस्त.
आज वार कोणता?
जेवले. मस्त.

पंचांतले एक घड्याळ बघू लागले.
सगळ्यांना चहाला पाठवलं.
माझे प्रश्न संपले होते, म्हणून नुसती बसले
फरशीवर, तिच्या पलंगाशी.
गोदामाकडून हमालाचा पोती मोजण्याचा आवाज येत होता,
लाभ, दोन, तीन,
आणि मध्येच चुकून परत लाभ.

मग तिनं माझी ओढणी धरली.
मनगटाला एक वेढा, पलंगाच्या पायाला दोन,
वर गाठ, गाठीवर गाठ,
दातांनी आवळलेली.
दाव्याची गाठ मला कळते, माझं माहेर ढालगावचं.
ही ती नव्हती. म्हैस बांधताना
माणूस एवढी घाई करत नाही.

ओठांवर बोट ठेवलं. माझ्या ओठांवर.
भिंत धरत धरत गेली, दिवा घालवला,
बाहेरून कडी.
आणि कडीपलीकडून, चौगुल्यांच्या हेलात, स्वच्छ:
"कोण आलं तर काय म्हनायचं?"

मी अंधारात गप्प राहिले.
"काय म्हनायचं?"
"जेवले," मी म्हणाले. "मस्त."

किती वेळ गेला? एक चहा प्यायला लागतो तेवढा.

फाइल उघडली तर खाली मागच्या वर्षीची तपासणी.
शेरा: समाधानकारक.
निवासी मोकळेपणाने बोलतात. जेवण उत्तम असल्याचे सांगतात.
अक्षर माझं.
'ळ'ची शेपटी अशी मीच काढते.

समक्ष विचारलेवरून जबाब लिहून देते की,
इथवर छापील असतं. 'की'पुढे पेन अडलं.
तिनं सांगितलेलं एक वाक्य नव्हतं माझ्याकडे.
शेवटी वेढे लिहिले. किती, कोणत्या दिशेनं,
दात कुठे लागले, दिवा केव्हा गेला.
"ह्यो जबाब न्हाई मॅडम, नक्कल हाय," चौगुले म्हणाले.
तेही लिहिलं. त्याच्याखाली
फिकी शेरेपुस्तिका जोडली, माझ्या सहीसकट.

वाचून दाखवला.
ती कागदाकडे नाही, माझ्या मनगटाकडे बघत होती.
अंगठा घेतला. डाव्या हाताचा. शाई पुसायला
तिनं स्वतःचं पोलकं पुढे केलं, सवयीनं.

गाठ मी सोडवली नाही.
कात्री मागवून ओढणी दोन्हीकडून कापली,
पंचांसमक्ष लखोट्यात घातली, लाख लावली.
मुद्देमाल: सुती कापड, फिकट हिरवं, अंदाजे दोन वीत, गाठ एक.

उरलेली ओढणी खांद्यावर टाकून उठले,
तर शेजारच्या पलंगावरची बाई
हात पुढे करून बसली होती, ओढणीकडे बघत.
तिला नाव विचारायचं
मघाशी राहून गेलं होतं.