प्रमाणासाठी एक माणूस

फ्रीजवर कंपनीचं कॅलेंडर,
दर महिन्याला एक टाइल.
सप्टेंबरच्या टाइलवर मी पेन्सिलीनं
अमावास्येला गोल केला.
रात्री आभाळ काळं हवं, हिरव्या उजेडासाठी,
आणि पहाटे ओहोटी हवी, ओल्या खडकांसाठी,
आणि ऑडिट नको.
तिन्ही जुळतात असे दिवस निघाले चार.
"लग्नाचे मुहूर्त बरे," वृंदा म्हणाली
आणि मेथी निवडत राहिली.

मी रंग जुळवतो. अकरा वर्षं झाली,
रास अल खैमाच्या टाइल कारखान्यात.
पांढऱ्याच्या चौदा छटा मला
ट्यूबलाइट बंद करूनही कळतात:
मीठ, खडू, ताक, जुनं बनियन.
म्हणून नॉर्वे.
तिथला उजेड भर दुपारीही तिरका असतो म्हणे,
दारात रेंगाळणाऱ्या पाहुण्यासारखा
निघतो निघतो म्हणत तासभर थांबतो.
इथला सूर्य सुपरवायझर.
थेट डोक्यावर उभा,
सावलीलाही बसू देत नाही.

बॅगेला तेवीस किलो.
तिथलं जेवण परवडत नाही, सगळे सांगतात,
म्हणून भाजणी दोन किलो.
ट्रायपॉड, तोही दोन किलो.
दोघांतल्या एकाला घरी राहावं लागेल.
वृंदा काही बोलली नाही,
फक्त भाजणी पुन्हा एकदा तोलली.

व्हिसाच्या फॉर्मवर प्रवासाचा हेतू:
एक डोंगर, पायाशी लाल झोपडी, पाणी न हलता.
लिहिलं नाही. "पर्यटन" लिहिलं.
सोबत सहा महिन्यांचा बँकेचा हिशेब
आणि कंपनीचं पत्र, की हा माणूस परत येईल.
मला कुणी विचारलं नव्हतं.

ट्रायपॉडचा एक पाय ढिला निघाला.
तपासायला पहाटे साडेचारला खाडीवर गेलो.
खारफुटीत बगळे,
पलीकडे हजरचे डोंगर, एकामागे एक,
मागचा जास्त फिका, त्याच्या मागचा ताकासारखा.
(त्यातला थोडा फिकेपणा सिमेंटचा.)
अकरा वर्षं हे माझ्या बसच्या खिडकीत होतं
आणि मी झोपलेला असायचो.

क्लासमध्ये शिकवलं होतं:
फ्रेममध्ये एक माणूस ठेवावा, प्रमाणासाठी.
छोटा. शक्यतो पाठमोरा.
तेवढ्यात नावांच्या यार्डातला पहारेकरी चालत आला,
मोठा, आणि सरळ माझ्याकडे तोंड करून.
गुलजमान. पेशावरच्या वरचा कुठलासा.
"फोटो? घरी पाठवतो," म्हणाला,
टोपी सारखी केली, छाती काढली.
मी म्हटलं, तिथंच थांबा, मागे डोंगर सुंदर दिसतायत.
तो वळून बघून हसला.
"डोंगर नको, साहेब. डोंगर त्यांच्याकडे आहेत.
ती इमारत घ्या, काचेची."

ट्रायपॉड फिरवला.
ढिल्या पायाखाली चपटा दगड दिला.
मागे डोंगरावर गुलाबी आला असणार,
मानेवर ऊन लागलं त्यावरून कळलं.
गुलजमान श्वास रोखून उभा,
काचेत बाविसाव्या मजल्यावर
कुणीतरी दिवा विसरलेलं.

"हा कोण?" वृंदानं विचारलं.
सांगितलं.
तिनं फोटो मोठा करून त्याचे बूट पाहिले,
आज पॉलिश केलेले,
मग म्हणाली, "पाठवलास का त्याला?"
मी अजून रंग सुधारत होतो.
तिनं माझ्या हातातून फोन घेतला.

सोमवारी व्हिसाची तारीख.
आदल्या संध्याकाळी अल नखीलच्या स्टुडिओत गेलो.
स्टूल, दोन छत्र्या, भिंतीवर कागद.
हनुवटी वर, म्हणाला तो, दात नको,
मागे काही नको, नियम आहे, फक्त पांढरं.
मी स्टुलावर बसलो,
मान वळवून कागदाकडे बघितलं
आणि विचारलं,
कुठलं पांढरं?