पायरी सतरा

भातगिरणी संघाचा मेल सर्व्हर
सिंदेवाहीच्या गोदामात, रिकाम्या बारदान्यामागे,
टेबलाखाली बारा वर्षं घुमत होता.
पंख्याची पाती कोंड्याने जाड झालेली.

तो बसवला हेमराज शेंडेंनी, एकट्याने, हाताने.
काय काय केलं ते शंभर पानी वहीत, मागच्या बाजूने.
पुढच्या बाजूला पोत्यांचा हिशेब.

नवं मशीन आलं. मला म्हणाले, सगळं तिकडे ने.
मी म्हटलं, हाताने नाही.
एकदाच नीट लिहून काढते,
मग शंभरदा बसवा.

वहीत नुसता आज्ञार्थ:
टाका. काढा. दाबा. नाही झालं तर परत दाबा.
माझ्या फाइलीला आज्ञा चालत नाही.
तिला सांगायचं, काय असावं ते.
पोस्टफिक्स असावं.
पंचवीस नंबरचं दार उघडं असावं.
एकोणचाळीस पेट्या असाव्यात, नावानिशी.
आधीच असेल तर हात लावू नये.
विध्यर्थ. नववीत याच्यावर माझे दोन मार्क गेले होते.

पायरी सतरा: चहा पिऊन येणे.
खाली दोन रेघा.
मी हसले, गाळली.

चाचणीच्या जुनाट डब्यावर अठरावी पायरी पडली.
पुन्हा चालवलं, पुन्हा तिथेच, लाल.
तिसऱ्यांदा शेंडेजींना फोन लावला.
ते नवरगावला, तळ्यात, शिंगाड्याच्या वेलांमध्ये;
मागे पाण्याचा आवाज.

"हव जी, चहा. नाक्यावरचा.
जायले चार मिनिटं, प्याले पाच, यायले चार.
तेवढ्यात बाईले जाग येते."
कोणत्या बाईला?
"पत्त्यांची यादी ठेवते ना, तिले.
ती उठ्याच्या आधी काही विचारलं
तर घरात कोणीच नाही म्हणून सांगते."

मी लिहिलं: यादी उत्तर देईपर्यंत थांबावं,
जास्तीत जास्त तेरा मिनिटं.
पायरीचं नाव ठेवलं, चहा.

नव्या मशीनवर बाई अकरा सेकंदांत उठली.

शनिवारी रात्री पत्रं हलवली.
काट्यावर पोती मोजतात तशी दोन्हीकडे मोजली:
इकडे एकसष्ट हजार चारशे आठ,
तिकडे एकसष्ट हजार चारशे सात.
पहाटेपर्यंत ते एक शोधलं.
कवडू नन्नावरेंच्या पेटीत निघालं,
स्वतःच स्वतःला पाठवलेलं, विषय नाही,
आत फक्त: पोचलं का.
ते मी हाताने नेलं.

मग सगळं पुन्हा एकदा चालवलं, पहिल्यापासून.
खाली हिरव्या अक्षरांत: बदल, शून्य.

वाकून जुन्याची पिन काढली.
घुमणं थांबलं तसा तुळाराम चौकीदार
बॅटरी घेऊन दारात आला.
"लाइन गेली का जी?"
त्याच्या डोक्यावर ट्यूबलाइट लागलेली होती.