पोवळ्याची परीक्षा

नगिनाघाटाच्या तिसऱ्या पायरीवर
उकिडवी बसून मी बाटली बुडवते.
लेबलवर लिहिते : नमुना अकरा, सकाळी सात दहा.
नांदेडात तिला आम्ही गंगा म्हणतो,
रजिस्टरात ती गोदावरी असते,
आणि वीस पावलांवरचा नाला
तिला कुठल्याच नावाने हाक न मारता
सरळ येऊन मिसळतो.

फेस साबणाचा. मळी वरच्या अंगाच्या कारखान्याची;
गेल्या मंगळवारी मरळ पोटं वर करून तरंगत होत्या.
शेतांमधला युरिया मात्र दिसत नाही,
तो दुपारी परीक्षानळीत गुलाबी होतो.
मी आकडा लिहिते. सही करते.
कालच्या आकड्याखाली आजचा.

सोनकांबळे सर एकदा ट्रेनिंगला रामेश्वराकडे गेले होते,
बुडाला काच असलेल्या होडीतून त्यांनी पाहिलं.
"झाडं वाटतात गं, पण जनावरं आहेत ती.
सुईच्या टोकाएवढं एकेक.
पोटात शेवाळ पाळतात, शेवाळ ऊन खातं,
आणि उरलेलं यांना देतं.
भाडेकरू आणि मालक, पण भांडण नाही."
मग प्रवाह त्यांना खाणं आणून देतो,
अंगावरचा गाळ झाडून नेतो,
त्यांची पिल्लं दुसऱ्या खडकावर पोचवतो.
"समुद्रातली एसटीच म्हण."

आणि दिवाळीच्या सुमाराला, सर म्हणाले,
किनाऱ्याकाठचा प्रवाह दक्षिणेकडे वळतो.

मी समुद्र पाहिलेला नाही.
मी नकाशावर बोट ठेवलं :
नांदेड, धर्माबाद, बासर, राजमहेंद्री, मुख,
मग बोट उजवीकडे वळवून खाली, खाली.
"म्हणजे आपला नमुना अकरा तिथवर जातो?"
सर बराच वेळ चष्मा पुसत राहिले.
वाटेत किती धरणं, किती बंधारे,
पाणी पातळ होत होत जातं.
"जातो असं सिद्ध करता येणार नाही.
जात नाही असंही लिहिता येणार नाही."
तेवढ्यात लाईट गेली.
फ्रिजमधल्या बाटल्यांची काळजी करत आम्ही बसलो.

संध्याकाळी दस्तगीर मणियारांच्या दुकानात गेले.
आईच्या मंगळासाठी पोवळं हवं होतं,
माझा विश्वास नाही, पण तिचा आहे,
आणि पगार झाला होता.
"इटलीचं आहे," ते म्हणाले. "पारखून देतो."
त्यांनी लिंबू कापलं.
"काच असली तर गप राहील.
असल असलं तर बोलेल."

एकच थेंब, मागच्या बाजूला.
पोवळं चुरचुरलं,
इतकं बारीक की मला कान जवळ न्यावा लागला.
त्यांनी लगेच फडक्याने पुसलं.
"बास, जास्त विचारायचं नसतं. विरघळतं ते.
आईंना सांगा, आंबट लागू देऊ नका."

सगळ्या रस्ताभर ते चुरचुरणं कानात.
असल असण्याची ही कसली खूण,
की काच तशीच राहते.

आईने अंगठी घातली. हात लांब धरून पाहिला.
"समुद्रात उगवतं म्हणे हे?"
"बांधतात, आई. चुन्याचं घर असतं ते."
"कुणाचं?"
मी सुईच्या टोकाएवढं असं बोटांनी दाखवलं,
आणि तिला ते मीठ वाटलं.

जेवणं झाली. मोरीत भांडी पडली.
लिंबाच्या वासाची वडी तिने हातात घेतली,
आणि थांबली,
अंगठी काढून खिडकीत ठेवली, कोरड्या जागी,
पदराने पुसून.

मग नळ सोडला.
पितळी पातेल्यावरून फेस उतरला,
मोरीच्या जाळीत गोल फिरला,
आणि उताराने नाल्याकडे निघून गेला.